उभ्या झाडाची निवड

सायखेडा, ७ जुलै २०२५

ती. स्व. सिंधुआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू आधी ओरडतेस आणि मग ऐकतेस, म्हणून पत्रच लिहिते. शिवाय चाळिशीत लिहायला शिकलीस, तेव्हापासून पत्राला उत्तर दिल्याशिवाय तुला चैन पडत नाही, हेही मला माहीत आहे.

माझ्या दुसरीच्या वर्गात बावीस मुलं. कुणी धडा घडाघडा वाचतं, कुणाला अजून अक्षर लागत नाही. मी मोठ्या हुशारीनं तीन गट केले आणि तुझ्याकडून आणलेल्या तीन क्रेटमध्ये त्यांची पुस्तकं ठेवली. टोमॅटोवाल्यांची पोरं ती! दुसऱ्याच दिवशी मल्हारीनं जाहीर केलं की तो एक नंबरचा माल आणि दिशा तीन नंबरचा, बांधावर फेकायचा. सगळे हसले. आत्या, क्षणभर मीही हसले गं. तेव्हापासून दिशा शाळेत आलेली नाही. पोरगी नाय म्हणती तर मी काय करू, असं तिची आई म्हणाली. ती कायमची घरी बसली तर?

लोभ आहेच, थोडा राग आला तरी चालेल.
तुझी,
शुभांगी

गिरणारे, १२ जुलै

चि. शुभांगीस सिंधुआत्याचे अनेक आशीर्वाद.

राग थोडा नाय, लय आला. आमच्या शेडमध्ये माल निवडत मोठी झालीस आणि एवढं कळलं नाही? निवड करतात ती तोडलेल्या मालाची. उभ्या झाडाची कोण करतं? रोपं एकाच दिवशी लावतो, तरी एक गुडघ्याला लागतं, दुसरं वीतभरच राहतं. जे जिथं वाकतं तिथं त्याला सुतळी बांधतो, वाढलं की गाठ वर घेतो. फार आवळली तर काचते, हे तुला लहानपणीच दाखवलंय.

साक्षरतेच्या वर्गात मलाही मागं बसवलं होतं. मी जाणंच सोडलं. मग बाई घरी आल्या, मला वाचता येणाऱ्या भागीबाईशेजारी बसवलं आणि आधी ‘बादली’ शिकवली, कारण ती माझ्या रोजच्या हातातली. तू दिशाच्या घरी जा. चूक माझी, असं तिच्यासमोर बोल.

आमचा पोरगा ज्ञानेश म्हणतो, ताईला अंगठे धरून उभं करा. जेवणाची हेळसांड करू नको. उत्तर आलं नाही तर मीच येऊन थडकेन.
तुझी आत्या

सायखेडा, ३१ जुलै

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

क्रेट परत पाठवतेय. दिशाकडे गेले तेव्हा ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. मॅडम चुकल्या, असं तिला सांगितलं. तिनं वर पाहिलं नाही, पण दहा-दहा जुड्यांचे ढीग लावत राहिली. एकही ढीग चुकला नाही. मी म्हटलं, गणिताला काड्यांचे गठ्ठे बांधायचेत, मला तुझी मदत लागेल. दोन दिवसांनी आली.

आता गट कामाप्रमाणे बदलतात. मल्हारी वाचनात पुढे, पण गठ्ठ्यांत गडबडतो, म्हणून गणिताला दिशाशेजारी बसतो. सुतळी हळू ओढ, असं तिनं त्याला बजावलं तेव्हा तूच आठवलीस. वाचनाला तिला चित्राखाली शब्द लिहून देते आणि शब्द ओळखीचा झाला की चित्र झाकते. काल मी झाकायच्या आत तिनंच चित्रावर हात ठेवला आणि ‘बादली’ वाचलं. मला भर वर्गात रडू आलं.

आशीर्वाद दोघींना हवेत. खालची ओळ दिशाची; तिनं सांगितली, मी फळ्यावर लिहिली आणि तिनं एकटीनं बघून उतरवली.
तुझी,
शुभांगी

आजी, मी उद्या पण शाळेत येणार. दिशा.