हिमेजीच्या जिन्यातला फोटो

ॲथलोन, आयर्लंड, १४ एप्रिल २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण हवापाण्यापलीकडे जात नाही, म्हणून मेलवर हे पत्र. इकडे सगळं ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत ठीक. पाऊस आहेच.

तुझ्या जपान टूरमधला एक फोटो रोहिणीमावशीनं निहारिकाला पाठवला. किल्ल्याच्या जिन्यात तू आणि तुझ्यामागे एक गृहस्थ, त्यांच्या हातात तुझे बूट. तुझेच, मीच घेऊन दिलेले. हे कोण? बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, मीही लहान नाही. पण परक्या माणसाला तू साधी भाजीची पिशवीसुद्धा धरू दिली नाहीस कधी, म्हणून विचारतो.

माया आहे तशी राहू दे.

तुझा श्रेयस

*

पुणे, १९ एप्रिल २०२५

चि. श्रेयस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रोहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. असो, विचारलंस ते बरं केलंस.

त्या दिवशी हिमेजीचा किल्ला होता. आम्ही चाळीस जण, सगळ्यांना एकसारख्या पिवळ्या टोप्या. आत शिरताना बूट काढून पारदर्शक पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात घेऊनच सहा मजले चढायचे. चौथ्या मजल्यावरचा जिना म्हणजे उभी शिडी. एका हातात बूट, एका हातानं कठडा, गुडघा सावरायला तिसरा हात आणू कुठून? मी मधेच थांबले, मागे रांग तुंबली. आमच्यातल्या चंद्रहास देशकरांनी न विचारता पिशवी घेतली. नागपूरचे निवृत्त शिक्षक, पत्नी नऊ वर्षांपूर्वी गेल्या. मी म्हटलं, अहो, पायताण आहे ते. ते म्हणाले, मग काय झालं, चला पुढे.

पुरुषानं बाईची पायताणं उचलली म्हणून बसमध्ये दोन दिवस कुजबूज चालली. मीही शरमले. तुझ्या बाबांनी माझं सगळं केलं, हे मात्र केलं नसतं. त्यांना नावं ठेवत नाही, तेव्हाची रीतच तशी.

परत आल्यावर देशकरांनी लग्नाचं विचारलं. मला हवंय, श्रेयस. पण तू नको म्हणालास तर मी नाही म्हणेन, तसं त्यांना सांगून ठेवलंय. तुझ्या उत्तराची फार धास्ती वाटते.

निहारिकाला आशीर्वाद, श्रावणीला पापा. रागावलास तरी लिहायचं सोडू नकोस.

आई

*

ॲथलोन, २ मे २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पहिले दोन दिवस मी रागावलो होतो. कशावर, ते मला निहारिकाला काही सांगता येईना. श्रावणीला सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं की हे आजोबा क्रिकेट बघतात का. पुढचे दिवस बाबांची आठवण येत राहिली.

ऑगस्टमध्ये तू इकडे यायची आहेस, त्या व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र लिहायला बसलो. त्यात पाहुण्याचं माझ्याशी नातं लिहावं लागतं. तुझं झालं. मग देशकरांसाठी दुसरं घेतलं. त्यांचं नाव पासपोर्टवर आहे तसं कळव. 'वडील' लिहायला हात धजला नाही, तेवढं समजून घे. 'आईचे पती' असं लिहिलंय. ते खरं ठरायला लग्न जूनमध्येच उरकावं लागेल. मी रजा टाकली आहे.

तुम्हा दोघांचा लोभ असू द्या.

श्रेयस