अर्जदार हरवलेली नसल्याबाबत

प्रति,
मा. तपास अधिकारी (मनुष्य मिसिंग),
पोलीस ठाणे, उल्हासनगर.

विषय : मिसिंग नोंद बंद करणे, मात्र अर्जदाराचा ठावठिकाणा पतीस न कळविणे.
संदर्भ : अर्जदाराची आई श्रीमती चंद्रीबाई पदू मेंगाळ यांनी अंगठा देऊन केलेली तक्रार.

महोदय,

अर्जदार रविना, वय २७, बी. ए., ही हरवलेली नाही. चार वर्षांची मुलगी अक्षदा हिला घेऊन ती स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडली. पती तुषार यांच्या मारहाणीचे दवाखान्याचे कागद जोडले आहेत. त्याहून जास्त लिहिण्याची ताकद तिच्यात नाही.

१. अर्जदार आधी अंबरनाथ पश्चिमेला तेजल या मैत्रिणीकडे उतरली. तिसऱ्या दिवशी पती दारात हजर. लग्नानंतर त्यांनीच तिच्या मोबाईलवर लोकेशन शेअरिंग चालू करून दिले होते, उशीर झाला तर काळजी नको म्हणून. तेव्हा अर्जदारास ते प्रेम वाटले होते. दारात ते एवढेच म्हणाले, "कुठंपण जा, तुझा मोबाईलच बोलतो ना मला." शेजारी जमले म्हणून त्या दिवशी निभावले.

२. त्यानंतर अर्जदाराने जागा बदलली आणि मोबाईलमधली एकेक सेटिंग वाचून काढली. लोकेशन बंद. नंबरवरून शोधणे बंद. ओळखीच्या माणसांत नाव सुचवणे बंद. ब्लूटूथला ‘रविनाचा फोन’ असे नाव होते, तेही काढले. प्रोफाइल फोटो कोणाला दिसावा, याला ‘कोणालाही नाही’ असे उत्तर दिले. ‘फक्त आईला’ हे उत्तर तिने बराच वेळ शोधले. असते तरी उपयोग नव्हता. आईकडचा फोन पतीचाच जुना आहे. दर रविवारी ते आईच्या पाड्यावर जाऊन तो तपासतात, त्यात बोलणेही रेकॉर्ड होते. नवा नंबर आईला दिला तर तो पतीलाही कळला असता, म्हणून नंबर तोच ठेवला आणि पतीला ब्लॉक केले. आईचा फोन आला तर उचलायचा नाही, नुसता वाजू द्यायचा. आई बरी आहे एवढे तरी कळेल, असा तिचा हिशेब होता. फोन आलाच नाही.

३. चूक अर्जदाराची आहे. आईला वाचता येत नाही. फोटोवर बोट ठेवले की लेक बोलते, इतकाच फोन तिला येतो. एवढी शिकलेली अर्जदार नेमके हेच विसरली. बदलापूरच्या बाजारात आमच्या पाड्यावरची, रानभाजी विकणारी भागीरथीमावशी भेटली, तिच्याकडून कळले. फोटोच्या जागी राखाडी गोल पाहून आई म्हणाली, "फोटू पुसला. म्हंजे पोर गेली माझी." मग जावयाने तिला आपल्या ठाण्यात आणून तक्रारीवर अंगठा घेतला. जावयाच्या कानावर जाईल म्हणून ही भेट कोणाला सांगू नकोस, असे अर्जदाराने मावशीला सांगितले.

४. तोच फोटो आता ‘बेपत्ता’ म्हणून अर्जदार राहते त्या इमारतीच्या ग्रुपवर फिरतो आहे. खाली संपर्कासाठी पतीचा नंबर आहे. शेजारच्या रंजनाताई कौतुकाने म्हणाल्या, "ही डिट्टो तुझ्यासारखी दिसते गं." अर्जदार हसली. तेव्हापासून दाराची कडी वाजली की अक्षदा पलंगाखाली जाते. तिला तसे कोणी शिकवलेले नाही.

५. तरी विनंती, की अर्जदाराचा जबाब समक्ष घ्यावा, नोंद बंद करावी, ती ‘बेपत्ता’ची सूचना मागे घ्यावी आणि पत्ता पतीस देऊ नये. आईला फोनवरून काही कळवू नये. महिला पोलीस पाड्यावर पाठवावी, रविवार सोडून.

आणखी एक. कागदावर आपण ‘मिळून आली’ लिहाल, ते नियमाप्रमाणे असेल. आईसमोर मात्र ‘मिळाली’, ‘सापडली’ असे म्हणू नये. आमचा पाडा धरणालगत आहे. तिथे पाण्यातून वर काढलेल्या माणसालाच ‘सापडला’ म्हणतात. पुढचे ऐकायला आई उभी राहणार नाही. तिला आधी एवढेच सांगावे, की दोघी आज जेवल्या. बाकीचे ती स्वतः विचारील.

आपल्या भरवशावर असलेली,
(सही)
रविना पदू मेंगाळ
पत्ता : समक्ष सांगेन.
दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

सोबत : १) दवाखान्याचे कागद. २) आधार कार्डाची प्रत. ३) अर्जदार व अक्षदाचा कागदी फोटो, एक. आईच्या हातात द्यावा.