गेटावर इचारलं, पिक्चर कसं हाय

अप्पा, तुमी मेलात ते बरं झालं असं आज भाकरी थापता थापता माझ्या मनात आलं. हात थांबला. मंग परत थापायला लागले, तवा तापला होता. तुमी असतात तर तुमाला बी ऐकावं लागलं असतं. लोकांनी माझा बाप काढून शिव्या लिवल्या फोनवर. त्यांना तुमी कोन ते ठाव न्हाई, काळे का गोरे ते ठाव न्हाई, तरी लिवल्या. मी सातवीपस्तोर शिकले, तेवढ्यावर हे लिहायले. चुकलं तर चुकू द्या, बघनारं कुनी न्हाई.

तुमी टॉकीजच्या गेटावर होतात. मी तुमचा डबा घिऊन यायची अन् शो सुटंपस्तोर पायरीवर बसायची. शो सुटला की तुमी दार उघडून बाजूला उभं राहायचात, अन् लेकरू काखंत घिऊन निघालेल्या बाईला इचारायचात, कसं हाय माय पिक्चर. गड्यांना कधी इचारायचात न्हाई. गडी हिरोचे असत्यात, खोटं बोलत्यात, म्हनायचात. एकदा एक बाई पदर खोचत म्हनली, त्या हिरोला सांगा दादा, आता नातवंडं खेळव, नाचू नको. तुमी खोकला येईपस्तोर हासलात. मालकाला चा पिताना सांगितलात, मालक, बायका नाखूष हायत, बदला. मालकानं पिक्चर बदललं. त्या बाईच्या घरावर कुनी गेलं न्हाई. पुढच्या पिक्चरला ती परत आली, अन् तुमी तिला परत इचारलात.

मला बी एकदा इचारला होतात. मालक शेजारी उभा होता, त्यानं मला गोळी दिली होती, म्हनून मी म्हनलं लई चांगलं हाय. तुमी घरी आल्यावर माझा कान धरलात. आई चुलीपाशी होती, ती म्हनली लेकरू हाय, सोडा. तुमी सोडला न्हाई. "गेटावर इचारलं की खरं सांगावं. तुज्या चांगलं म्हनन्यानं पिक्चर चांगलं व्हतंय व्हय?" कान दुपारपस्तोर लाल होता. ते माझ्या डोक्यात बसलं, अप्पा. कान धरून बसवलेलं निघत न्हाई.

तुमचा जावई हितं बिदरात, मैलूरमधी, मोबाईलच्या दुकानात हाय, काचा बदलतो, कव्हर इकतो. अन् फॅन असोसिएशनमधी हाय. हिरोचं नाव मी लिहित न्हाई, परत कुनाला तरी घावंल. त्यानं उडनाऱ्या मान्साचं पिक्चर काढलं, लाल झूल पांघरून आभाळातून येतो, बस उचलतो, पूल धरून ठिवतो. साल दीड साल आमच्या घरात तेच. रिलीजच्या आदल्या दिवशी रिव्ह्यू आले अन् सगळे वाईट आले. नवरा जेवला न्हाई. फोनवर बोलत आत-बाहेर करायलाय. "पैसे खाऊन लिवलंय त्यांनी. त्या दुसऱ्या हिरोवाल्यांनी चारलंय. आपुन ओपनिंग दाखवू त्यांना, ओपनिंग." मी म्हनलं, पिक्चर वाईट बी असंल. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी भात वाढायला वळले.

त्यांच्या अध्यक्षाला सगळे अण्णा म्हनत्यात. प्लॉटचा धंदा हाय, गळ्यात जाड साखळी. अण्णानं ठरवलं की रिव्ह्यूवाल्यांचं तोंड बायकाच बंद करतील. पयल्या शोला नुसती पोरं दिसली तर लोक म्हनत्यात फॅनच हायत, फॅमिली न्हाई, अन् फॅमिली न्हाई तर पिक्चर सोमवारी झोपतंय. म्हनून हरेकानं बायको आनायची, लेकरं आनायची. अन् बाहेर माईकवाले असत्यात त्यांना सांगायचं, घरच्या सगळ्यांनी मिळून बघावं असं पिक्चर हाय. नवऱ्यानं माझ्याकडून कन्नडात पाठ करून घेतलं. मी भांडे घासताना म्हनून दाखवलं. आलं मला.

सकाळी टॉकीजसमोर हिरोचा माडीयेवढा कटाऊट. पोरं शिडीवर चढून त्याच्या डोक्यावर दूध ओतायलेत, खाली ढोल, नारळ फुटायलेत. दूध हिरोच्या तोंडावरून खाली गटारीत जायलंय. पोरगी माझ्या कडंवर, ती म्हनली, आई, त्याला कामून आंगूळ घालायलेत. तीन वर्साची हाय. नवरा हासला तवा. शेवटचं हासला.

आत गेलो अन् पिक्चर चालू झालं. आवाज असा की छातीत भांडं पडल्यासारखं. हिरो आला की पोरं खुर्चीवर चढली, कागुद उडवले, शिट्ट्या. पोरगीनं एकदा पडद्याकडं बघितलं अन् किंचाळली. मी पदरात घेतली, कान झाकले, पानी पाजलं. मागून एकजन म्हनला, ए बाई, बाहेर घिऊन जा की, डायलॉग ऐकू येईना. मी नवऱ्याकडं बघितलं. तो पडद्याकडं बघायलाय. मी उठले, बाहेर जिन्यात बसले. तिला उलटी झाली. लुगडं धुऊन मी तशीच वल्ल्या पदरानं बसले, शो सुटंपस्तोर. जिन्यात बसून मला तुमची आठवन आली, खरं सांगायले, गेटवाला बॅटरी घिऊन उभा होता म्हनून.

शो सुटला. गर्दीत माईकवाला एकदम माझ्या तोंडापुढं आला. "अक्का, पिक्चर कसं हाय?" कन्नडात इचारलं. पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडात होतं, अप्पा. पन तो गेटापाशी उभा होता, लेकरू माझ्या काखंत होतं, अन् त्यानं तुमच्यासारखंच इचारलं. मी मराठीतच बोलले. म्हनलं, "कसलं पिक्चर. नुसता उडायलाय, उडायलाय, कुटं जायलाय ते त्याचं त्याला ठाव न्हाई. लेकरू भेलं, वकलं. लहान लेकरं घिऊन येऊ नका बाई." भोवतालचे हासले. मला वाटलं तुमी हासायचात तसंच हासायलेत. मी बी हासले.

घरी पोचायच्या आत ते सगळीकडं गेलं. दुसऱ्या हिरोच्या पोरांनी उचललं, खाली लिवलं, फॅमिलीचा रिव्ह्यू आला. माझं तोंड कापून त्याचं स्टिकर केलं, वल्ल्या पदरासगट. नवरा दारात उभा राहून फोन बघायलाय, त्याचे कान लाल झालेत. म्हनला, "तुला एक वाक्य शिकवलं होतं. एक. कुत्रं बी एका शब्दावर बसतंय." सासू म्हनली, "गेटवाल्याची पोरगी केलीस, तवाच म्हनलं होतं मी. हिच्या तोंडाला कडी न्हाई." दोघं बी खरंच बोलायलेत असं वाटलं.

मंग ह्या उडनाऱ्या हिरोची पोरं लिवायला लागली. पयलं नुसतं, ही झोपायला गेलती का. मंग, ही मराठी, हिला आमचा हिरो कसा आवडंल, पल्याड धाडा हिला बॉर्डरच्या. अप्पा, आपले पनजे-आजे हितंच मेले, तुमी कन्नडात भांडायचात अन् मराठीत झोपायचात, मला कुटं पल्याड धाडत्यात. मंग एकानं लिवलं, पोरगी रडती तर आडात टाक. त्याला लई जनांनी हासून दाखवलं. मंग कुनीतरी लिवलं, मैलूरमधी राहती, मोबाईलच्या दुकानवाल्याची बायको, पोरगी अंगनवाडीत जाती. ते वाचलं अन् मी दाराला कडी घातली. दुसऱ्या दिवशी अंगनवाडीच्या समोर दोन गाड्या, त्यावर पोरं बसलेली. काय केलं न्हाई त्यांनी. एकजन नुसता हात पसरून उडल्यासारखं करायलाय, अन् पोरगी माझ्या मांडीला चिकटून मुतली. मंग मी तिला घराबाहेर काढायचंच बंद केलं.

सोमवारी पिक्चर पडलं. नवरा फोनवर तिकिटाच्या ॲपमधी खुर्च्यांचे डबे बघत बसायचा, बिदरचे, गुलबर्ग्याचे, पार हैदराबादचे. हिरवे डबे म्हंजे रिकामे. सगळं हिरवं. रिव्ह्यू वाईट होते, आवाज वाईट होता, गोष्टीला बूड न्हवतं, पन ग्रुपमधी सगळे म्हनायलेत, बिदरच्या त्या बाईनं पाडलं. येवढा मोठा मानूस पूल धरून ठिवतो, अन् मी पाडला. नवऱ्याला असोसिएशनमधून काढलं. त्याच्या दुकानासमोर बांगड्या ठिऊन गेले. तो घरी येऊन म्हनला, "पोरगी माझ्या आईपाशी राहील. तू गावाला जा, हे थंड होईपस्तोर." मी म्हनलं, गावाला कोन हाय. अप्पा न्हाईत, आई न्हाई, दादा हैदराबादला, घराला कुलूप. "मंग कुलूप काढ," म्हनला. सासूनं पोरगीला आतल्या खोलीत नेलं अन् दार लोटलं. पोरगी आतून हाका मारायली. मी त्या दारापुढं बसले अन् म्हनलं, तुमी म्हनाल ते करते.

अण्णा घरी आला. खुर्चीवर बसला, चा घेतला, लई गोड बोलला. "वैनी, आमी काय बोललो का तुमाला? आमी घरची मान्सं. बाहेरची पोरं तापलीत, ती माझ्या बी हातात न्हाईत. एक मिनटाचा व्हिडिओ करा. कटाऊटसमोर, लेकराला घिऊन. दूध वाहा, नारळ फोडा, सांगा की पैसे दिऊन बोलवलं होतं मला." मी म्हनलं, पैसे कुनी दिले न्हाईत. अण्णा म्हनला, "ते आमाला ठाव हाय की." नवरा मान खाली घालून बसलेला, पन त्याचा पाय हालायला होता. त्याला परत घ्यायचं कबूल केलं होतं.

शुक्रवारी गेलो. दुसरा आठवडा, टॉकीजसमोर कुत्रं न्हवतं, तरी पन्नासएक पोरं आली होती माझ्यासाठी. मी कन्नडात बोलायचं, मराठीत न्हाई, असं ठरलेलं. मी बोलले. चुकी झाली, पैसे घेतले, पिक्चर सोन्यासारखं हाय. पोरगी कटाऊटकडं बघून ओरडायली, तिच्या रडन्यानं माझं ऐकू येईना. परत घ्या, म्हनले. परत बोलले. परत ओरडली. नवरा व्हिडिओ धरून उभा, तो म्हनला हासव तिला. मी गुदगुल्या केल्या, अप्पा, तिथं, त्या पोरांच्या मधी, भेलेल्या लेकराला. ती हिसके द्यायली. मंग अण्णानं गाडीतून हिरोचं तोंड आनलं, प्लास्टिकचं, जत्रंत मिळतंय तसं, अन् पोरगीच्या तोंडावर चढवलं. रबर कानामागं ताणून बसवलं. आतून रडायली, वरून हिरो हासायलाय. आता ब्येस, म्हनले सगळे. मी दूध वाहिलं. तिचा हात धरून तिच्या हातानं बी वाहिलं. व्हिडिओ एका झटक्यात झाला.

त्या व्हिडिओच्या खाली लई लाल बदाम आले. अक्का सूपर, अक्का आमची, पोरगी किती गोड. नवरा परत ग्रुपमधी गेला, त्या दिवशी मटन आनलं. पिक्चर तरी निघालंच टॉकीजमधून. बिदरमधी उतरवलं, मंग सगळीकडं एक एक करून. पोरगी आता घरात कुनी हासलं की तोंडाला हात लावून बघती, काय बसवलंय का म्हनून.

हे कागुद तुमाला पोचायचं न्हाई, पोचू बी नये. तरी जे कुनाला सांगितलं न्हाई ते हितं लिहिते. पिक्चरच्या शेवटच्या दिवसांत गुलबर्ग्याला एक बाई टॉकीजमधून निघाली, काखंत लेकरू, अन् तिला माईकवाल्यानं इचारलं. ती म्हनली, अर्ध्यातून उठून आले बाई, लेकरू रडायलंय, डोकं उठलं. बास, येवढंच. बदाम आले तरी काही पोरं मला लिवायचीच, ती सगळी माझ्यावरून उठली अन् तिच्यावर बसली. तिचं घर हुडकायला लागली. मला येवढं हलकं वाटलं की मी पोरगीला घिऊन दारात जाऊन उभी राहिले, कितीतरी दिवसांनी. मंग आत आले अन् मी बी लिवलं तिच्या खाली. लेकरू सांभाळता येत न्हाई तर पिक्चरला कामून जातीस. नवऱ्यानं सांगितलं न्हाई, तो दुकानात होता. अण्णानं सांगितलं न्हाई. माझं मी लिवलं. त्याला बी बदाम आले. आता रोज नवरा गेला की मी त्या बाईचं बघते. तिनं अजून माफी मागितली न्हाई. लोकं येवढं लिवायलेत तरी मागितली न्हाई. मला तिचा लई राग येतो, अप्पा.