एकाच रोलवर दोन घरं

प्रिय आई,

पाया पडतो. पत्र मोठ्याने वाच, म्हणजे बाबांनाही नमस्कार पोचेल.

इकडे सगळं उत्तम. तब्येत ठणठणीत, आणि भात आता करपत नाही.

एक नवा नाद लागलाय. सुट्टीच्या दिवशी बाबांचा जुना रोलचा कॅमेरा घेऊन भटकतो. रोल धुऊन येईपर्यंत काय उमटलंय ते कळत नाही, आणि त्या वाट बघण्याचीच चटक लागली आहे.

या वेळी तर गंमतच झाली. निघण्याआधी घरी काढलेला रोल मी पुरता गुंडाळला नव्हता. त्याचं शेपूट बाहेर राहिलेलं, म्हणून नवा समजून तोच पुन्हा भरला. दोन्हीकडचे फोटो एकमेकांवर उमटले! आपल्या तुळशीवरून इथली बस चालली आहे. माझ्या ऑफिसच्या जिन्यात बाबा पेपर वाचत बसलेत. ते म्हणतील, "धांदरट तो धांदरटच." म्हणू देत.

स्टुडिओवाल्याने एक फोटो उचलून विचारलं, "तुमच्या स्वयंपाकघरात या कोण?" बघतो तर माझ्या इथल्या ओट्यापाशी तू उभी!

पण आई, त्यात तू भिंतीला धरून उभी आहेस. गुडघा तेव्हापासूनच दुखत होता का? फोनवर तर "काही नाही रे" म्हणतेस.

तो फोटो सोबत पाठवतोय. ओट्यावर औषधाच्या बाटल्या दिसतील, त्या तुमच्या नाहीत, माझ्या आहेत. आधी तू खरं सांग, मग मी सांगतो.

तुझाच,
धांदरट