मोटारीला गूळपाणी

बीड,
आषाढ शुद्ध पंचमी, शके १८५४
(नाक्याच्या दफ्तराप्रमाणे शहरेवार महिना, १३४१ फसली)

ती. सौ. गीताअक्का हिला धाकट्या मुंजाजीचा दंडवत. दाजींनाही. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमच्याकडं पाऊस कसा, म्हैस कशी आणि दाजींचा गुडघा कसा, ते कळव. माझ्या आधीच्या तीन पत्रांचं उत्तर आलं नाही, म्हणजे टपालवाल्याचीच काहीतरी हयगय असणार, असं मी वत्सलेला सांगितलं आहे. ती नुसतं "हुं" म्हणाली.

बीडची खबर म्हणशील तर गेल्या महिनाभरात आमच्या जकातीच्या करोडगिरी नाक्यावरून एकंदर नऊ मोटारी गेल्या. सरकारी दफ्तराशिवाय माझी एक खाजगी वही असते, हे तुला ठाऊक आहेच. मोटारीचा रंग, भोंग्याचा आवाज, आत कोण बसलं होतं आणि पुढं कुठं अडकली, असं सगळं मी तिच्यात टिपून ठेवतो. नऊ वर्षांत एक मोटार चुकली नाही. लोक मला मोटारीतला जाणकार समजतात, आता त्याला मी काय करू?

परवा जिल्ह्याच्या अव्वल तालुकदार साहेबांची काळी मोटार आली. खिडक्यांना हिरवे पडदे. आत जनाना असणार म्हणून आम्ही सगळे खाली मान घालून उभे राहिलो आणि लवून सलाम केले. मागाहून कळलं, आत शेवटच्या आंब्यांच्या पाट्या होत्या. त्याच्या आदल्या दिवशी नगरकडून एक पिवळी मोटार आली, तिला टपच नव्हता. मागं बसलेल्या साहेबानं भर पावसात छत्री उघडली होती आणि पुढं डायव्हर चिंब भिजत चालला होता. तिसरी सोलापूरकडची. तिच्या भोंग्याचा रबरी फुगा फाटला होता, म्हणून डायव्हर बिचारा तोंडानंच "पों पों" करत गाव ओलांडून गेला. घसा बसला होता त्याचा. मी त्याला खडीसाखर दिली.

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट ताडली आहे. मोटारीला तिन्ही ऋतू वैरी. उन्हाळ्यात उकळते, पावसाळ्यात रुतते आणि हिवाळ्यात सकाळी उठतच नाही, अगदी आमच्या दाजींसारखी. वैशाखात तापलेल्या खडीवर तिची चाकं फटाफट फुटतात, आणि आता आपली काळी माती एकदा चाकाला धरली की सोडत नाही. पालीच्या अलीकडं बिंदुसरेच्या काठाला म्हाळू नावाचा एक गडी बैलांच्या दोन जोड्या घेऊन दिवसभर बसलेला असतो. मी त्याला विचारलं, "कशी वाटते रे मोटार?" तो म्हणाला, "लई बेस हाय, साहेब. फकस्त बैल लागत्यात."

बाकी विशेष म्हणजे मुलगी आता दीड महिन्याची झाली. तेराव्या दिवशीचं बारसं राहूनच गेलं. आत्यानं कानात कुर्र केल्याशिवाय नाव कसं ठेवायचं? आणि तिला आत्या तू एकटीच. शेजारची छबुबाई तिला ठकी म्हणते, पलीकडची बीबीजान गुड्डी म्हणते. वत्सला काहीच म्हणत नाही. तिनं पाळणा सजवून ठेवला होता, तो तसाच आहे. त्याच्या झालरीवर धूळ बसली. ती रोज झटकते आणि झटकताना माझ्याकडं बघते. तेव्हा तू ये.

आता तू म्हणशील, चैत्रातल्या त्या दिवसाबद्दल हा काहीच का लिहीत नाही. लिहिण्यासारखं काय आहे त्यात? सुंदररावांची लाल मोटार तुझ्या दारात उकळली, तिच्या टाकीत गूळपाणी गेलं, आमचा तीन दिवस मुक्काम पडला. झालं ते झालं. लोकांना हसायला काहीतरी लागतंच. कुणी विषय काढलाच तर मी त्याला समजावून सांगतो, की घरातल्या बाईमाणसाला मोटारीतलं काय कळणार, तिला माफ करा. म्हणजे मी तुझीच बाजू घेतो. सुंदररावही काही मनात धरून नाहीत. दसऱ्यानंतर त्यांची बीड ते केज मोटार सुरू होईल आणि अड्ड्यावर मुख्य कारकून म्हणून मला बसवायचं त्यांच्या मनात आहे. तेव्हा तूही मनात धरू नकोस.

निघायचा दिवस कळव. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा
मुंजाजी


तेलगाव,
आषाढ शुद्ध त्रयोदशी

चि. मुंजाजीस अर्जुनरावांचा आशीर्वाद. पत्र मी लिहितो आहे, सांगते आहे ती. मी सांगते तसंच लिहा, सुधारू नका, असं ती म्हणते. तेव्हा पुढचं सगळं तिचं.

मुंजा, तुजी चारी पत्रं पोचली. टपालवाला गरीब बिचारा पावसापाण्याचा चालत येतो, त्याचं नाव कावून घेतूस? तू मोटारीचं लिवलंस, बैलाचं लिवलंस, पडद्याचं लिवलंस. म्हशीचं इचारलंस. म्हस बरी हाय.

मी येणार न्हाई. हितं माजं नाव गीता ऱ्हायलंच न्हाई. पाण्याला गेले की बाया म्हणत्यात, "गीताबाई, आमच्या जात्याला बी वाईच गूळ घाला, हलकं फिरंल." गेल्या बाजारी केजचा एक माणूस खास बगाया आलता, मोटारीला गूळ पाजणारी बाई कोणती म्हणून. त्याला बी च्या करून दिला. लोक हसत्यात तर हसू दे. त्याचं मला लई वाईट वाटत न्हाई.

पर मी तुला इचारलं होतं. ओट्याच्या म्होरं, घागर हातात धरून इचारलं होतं. मी काय इचारलं आन् तू काय म्हणलास, ते तुला ठावं हाय आन् मला ठावं हाय. बाकीचे तुजं मोटारीचं पुराण ऐकून पेंगायले होते. मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. ह्यांना बी न्हाई. आता लिवता लिवता ह्ये माज्याकडं बगायलेत. बगू द्या.

पोरीला तूच नाव ठेव. तू शहाणा हायस. शहाण्याच्या घरी अडाणी आत्या कशाला पायजे?

ता. क. मी अर्जुनराव. काय विचारलं होतं ते मी तिला विचारलं. ती सांगत नाही. आज भाकरी वाढली, पण कालवणाला हात लावू दिला नाही. माझा यात काय गुन्हा? तू जे असेल ते लवकर लिही. गुडघा तसाच आहे.


बीड,
आषाढ वद्य षष्ठी

अक्का,

आज नाक्यावरून दोन मोटारी गेल्या. वहीत लिहिल्या नाहीत.

हे पत्र दाजी वाचणार हे मला ठाऊक आहे. त्यांनी खुशाल वाचावं. मी पहिल्यापासून सांगतो.

त्या दिवशी ऊन कसं होतं ते तुला सांगायला नको. मोटार तुझ्या दारात येईपर्यंत तिच्या नाकाडातून वाफा निघत होत्या. सुंदरराव पागोटं काढून आत बाजेवर आडवे झाले. डायव्हर मैनुद्दीन म्हणाला, "टंकी में पानी भर देना जी, मैं नमाज पढ के आता," आणि मशिदीकडं गेला. बाहेर उरलो मी आणि तेलगावची तीसेक माणसं. मी मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवून त्यांना मोटार या विषयाची माहिती देत होतो. बोललो बहुतेक तासभर.

तेवढ्यात तू घागर आणि गुळाची ढेप घेऊन आलीस. उन्हातून दारात आलेल्याला नुसतं पाणी तू आजवर दिलेलं नाहीस, वैऱ्यालाही नाही. तरी तू आपल्या मनानं काही केलं नाहीस. तू हळूच मला विचारलंस, "मुंजा, उन्हातून आलीया. नुसतं पाणी कसं द्यावं? गूळ घालू, का मोटारीला चालत न्हाई?"

अक्का, मी नऊ वर्षं मोटारी पाहिल्या त्या पुढून, बाजूनं आणि मागून. आत काय असतं ते मी जन्मात पाहिलेलं नाही. त्या टाकीतलं पाणी मोटार पिते, की त्यानं आंघोळ करते, हेही मला माहीत नव्हतं. पण तीस माणसांपुढं तासभर बोलून झाल्यावर "मला ठाऊक नाही" एवढे तीन शब्द तोंडातून निघेनात. बैलाला गूळ देतात, माणसाला देतात, मग मोटारीनंच काय पाप केलं, असा मी विचार केला. आणि म्हणालो, "घाल. उष्मा मारतो. इंजनाला तरतरी येते." तू मुठीएवढा घातलास. मी म्हणालो, "आणखी घाल, मोठं जनावर आहे."

पुढचं सगळ्या गावानं पाहिलं. मोटार सुरू झाली, मारुतीपर्यंत गेली, आणि ऐन चैत्रात गुऱ्हाळाचा वास सुटला. म्हातारी माणसं कढईत बुडवायला भाकरी घेऊन बाहेर आली. मग टाकीचं टोपण उडालं आणि सुंदररावांच्या धुतल्या कोटावर काकवीची धार पडली. मैनुद्दीन डोक्याला हात लावून ओरडला, "पानी बोल्या था मैं! पानी! ये क्या पाक डाले!" दुसऱ्या दिवशी उजाडताना मोटारीपासून तुझ्या ओट्यापर्यंत मुंगळ्यांची रांग होती. आता लिहिताना मला हसू येतं. तेव्हा आलं नाही.

सुंदररावांनी कोट झटकत विचारलं, "कोणी घातला गूळ?" सगळे माझ्याकडं बघत होते, मीच जाणकार ना. माझ्यापुढं ती कारकुनीची जागा उभी राहिली. मी म्हणालो, "आमची अक्का अडाणी आहे. तिला काय कळतंय."

तू दारात रिकामी घागर घेऊन उभी होतीस. एकदा माझ्याकडं पाहिलंस आणि आत गेलीस. मला वाटलं, आता ही बाहेर येऊन सांगणार. तू बाहेर आलीस ती ताटं घेऊन. मैनुद्दीन तीन दिवस कढत पाण्यानं टाकी धूत होता, आणि तीन दिवस तू आम्हा सगळ्यांना वाढत होतीस. माझ्या भातावर तूपही वाढलंस. ते तूप मी खाल्लं, अक्का. निर्लज्जासारखं खाल्लं, दुसऱ्यांदा मागून खाल्लं.

लहानपणी दूध मी सांडायचो आणि नानांची छडी उगारली की तुझ्या पदराआड जाऊन उभा राहायचो. तू कधी म्हणाली नाहीस की यानं सांडलं. मला वाटतं, त्यामुळंच मला सवय लागली. तिशी उलटली, मिशा आल्या, पोरगी झाली, तरी मी तिथंच उभा होतो.

आता कालचं लिहितो. काल अड्ड्यावर मैनुद्दीन ती गोष्ट परत सांगत होता. रंगवून सांगतो मोठी. तुझा आवाज काढतो, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं करतो. दहा-पंधरा माणसं पोट धरून हसत होती, सुंदररावही होते. मी आजवर या गोष्टीला वीसेक वेळा हसलो असेन. काल तुझं पत्र खिशात होतं. मी उठलो आणि म्हणालो, "गूळ मी घालायला लावला. तिला ठाऊक नव्हतं म्हणून तिनं विचारलं. मला ठाऊक नव्हतं, तरी मी सांगितलं. आणि मग तिच्या नावावर ढकललं."

मग मैनुद्दीन म्हणाला, "तो फिर अनाडी कौन निकला बे?" तेव्हा जे हसले त्याला तोड नाही. सुंदरराव हसले नाहीत. ते म्हणाले, "मुंजाजीराव, दसऱ्यानंतरच्या त्या जागेचं बघू." नऊ वर्षं मीही नाक्यावर लोकांना "बघू" म्हणतो आहे. त्याचा अर्थ मला कळतो. जागा गेली. आज सकाळी नाक्यावरच्या शिपायानं मला "या गूळवाले" म्हटलं. मी "आलो" म्हणालो.

घरी येऊन वत्सलेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं होतं." कसं, ते सांगत नाही. तुम्हा बायकांचं हे एक मला कळत नाही. दाजींनाही कळत नसेल. त्यांना कालवण वाढ.

अक्का, येत्या बाजाराच्या दिवशी मी तेलगावला येतो. बैलगाडी सांगितली आहे. तुझ्या ओट्यापुढं उभा राहून, ज्या तीस माणसांनी मला ऐकलं त्यांच्यापुढं, मी हेच परत बोलणार आहे. त्यानंतर तू माझ्याबरोबर गाडीत बसायचं की नाही, ते तुझं तू ठरव. नाही बसलीस तर मी परत फिरेन आणि पुढच्या बाजाराला पुन्हा येईन. पोरगी बिननावाची राहील तोवर. तिच्या बापानं केलेलं तिनं भोगावं हे बरं नाही, पण तिला नाव दुसऱ्या कुणी ठेवलेलं मला चालणार नाही.

नाव कोणतंही ठेव, मी विचारणार नाही. फक्त कानात नाव सांगशील तेव्हा तिला आणखी एक सांग. म्हणावं, एखादी गोष्ट ठाऊक नसली की चारचौघांत "ठाऊक नाही" म्हणावं, आणि ज्याला ठाऊक असेल त्याला विचारावं. हे तिला आत्याकडूनच शिकायला मिळेल. बापाकडं नाही ते.

तुझ्या पदराआडून उशिरा बाहेर आलेला,
मुंजा