शेवग्याच्या पाल्याची पूड

१८ ऑगस्ट ७२, शुक्र.
आभाळ कोरडंच. शाळेमागच्या बागेत माठ, चुका माना टाकून बसलेत. गेल्या वर्षी कोपरगावला आठ दिवस बागकाम शिकायला गेलो होतो आम्ही तिघी, गावातल्या गयाबाई, सोनाबाई नि मी. तिथे पाटाचं पाणी. साहेब शिकवायचे, वाफा पुरता भिजेस्तोवर पाणी सोडा. इथे पाथर्डीकडे वाफा भिजायच्या आत विहीर संपते.
तरी वर्षभर गरोदर नि लेकुरवाळ्या बायकांना एक दिवसाआड भाजीची जुडी पोचवतोय. पगार नाही, काही नाही. हेडमास्तर म्हणतात, "बाई, तुम्ही शिक्षिकेच्या माळीण झालात." झाले तर झाले.

३ सप्टें., रवि.
केसर आली होती. वय बावीस, कडेवर पोर. महिन्यापूर्वी तिला दिवेलागणीनंतर काही दिसेना, चुलीत हात भाजून घेतला. प्रा. आ. केंद्रातले डॉक्टर म्हणाले, रातांधळेपणा, गोळ्या संपल्यात, हिरवा पाला खाऊ घाला, शेवग्याचा सगळ्यात उत्तम. तेव्हापासून आमच्या चार शेवग्यांचा पाला तिचाच.
आज म्हणाली, "बाई, काल दिवा लावल्याव पोराचं तोंड दिसलं. अंधुक, पन दिसलं."
मला रडू आलं. तिच्यासमोरच.

२४ सप्टें.
आता घरोघरचं भांडी धुतलेलं पाणी गोळा करून झाडांना घालतो. सोनाबाईची घागर भरताना काही घरं वरून ओततात, भांडं टेकू देत नाहीत. नवबौद्ध ना ती. खरकटं पाणी, त्यालाही सोवळं. मी भांडायला निघाले तर तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. झाडाला कुटं कळतंय."

८ ऑक्टो.
भाजी गेली. चार शेवगे तेवढे उभे.
केसरचं घर दसरा झाला की ऊसतोडीला निघणार, कोपरगावकडेच. पहाटे अंधारात तोड सुरू, अंधार पडल्यावर गाडी भरणं. नवऱ्याला, नामदेवला, म्हटलं, हिला या खेपेला इथे ठेव.
"कोयता दोघांचा असतो बाई. येकट्याला मुकादम घेत न्हाई."


११ ऑक्टो.
चारही झाडं ओरबाडली. पाला वाळवून पूड करून द्यायची, पाच-सहा महिने पुरेल. शाळेच्या पत्र्यावर धोतर पसरून त्यावर घातला.
सोनाबाई म्हणाली, "सावलीत वाळवा म्हनले हुते ना सायेब?" मी म्हटलं, ते बियाण्याचं होतं. गयाबाईनेही माझीच री ओढली, "वाळवन म्हंजे उन्हातच. सावलीत बुरशी धरंल." कुरडया, सांडगे, सगळं आपण उन्हातच घालतो की. सोनाबाई पाला पसरू लागली. लिहिता येत नाही तिला, सगळं डोक्यात ठेवते, घोटाळा व्हायचाच.

१३ ऑक्टो.
दोन दिवसांत पाला कुरकुरीत. कुटून, चाळून डबा गच्च भरला. स्वतःवर खूश.

२० ऑक्टो., शुक्र.
गेले. गाडीत भांडी, कोंबड्या, पोर. केसरने डबा पिठाच्या पिशवीत खोल घातला. चिमूटभर रोज, कालवणात, असं तीनदा बजावलं. म्हणाली, "इसरन का मी?" आणि पाया पडली. नको नको म्हणत असताना.

१२ नोव्हें., रवि.
दिवाळीची सुटी. ट्रंक आवरताना कोपरगावची वही सापडली. पान अकरा, माझंच अक्षर, खाली दोन रेघा मारलेल्या:
शेवग्याचा पाला सावलीतच वाळवणे. कडक उन्हात डोळ्यांचे सत्त्व उडून जाते.
चार वेळा वाचलं. जेवले नाही.

१३ नोव्हें.
सोनाबाईला सांगितलं. वाटलं, बोलेल. नुसतं म्हणाली, "मंग आता?"
गयाबाई म्हणते, पाला तो पालाच, थोडं तरी राहिलं असेल. असेलही. किती, कोण सांगणार?

१९ नोव्हें., रवि.
कोपरगावला जाऊन आले. पहाटेची एस.टी. नगरला, तिथून दुसरी. कारखान्याच्या माळावर कोप्याच कोप्या, पाचटाच्या झोपड्या, सगळ्या रिकाम्या, माणसं उसाच्या फडात. जो भेटेल तो विचारतो, कोणत्या मुकादमाची टोळी? ते मी विचारूनच ठेवलं नव्हतं. पाथर्डीची माणसं म्हटल्यावर एक म्हातारी हसली, "समदी पाथर्डीचीच हायेत की."
शेवटच्या गाडीने परत. माझ्याइतकी बिनडोक बाई या तालुक्यात दुसरी नसेल.

१० डिसें.
शेवग्यांना जेमतेम पालवी. तीही शेळ्यांनी अर्धी खाल्ली. उरलेली खुडली. सोनाबाई दुष्काळी कामावर खडी फोडते, तिथून आली नि शाळेच्या पडवीत सावलीत पाला पसरून गेली. बोटांना चिंध्या बांधलेल्या. 'मी म्हणाले होते' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

७ जाने. ७३, रवि.
केसरच्या टोळीतला एक माणूस पाय मोडून परत आलाय. समजताच गेले. केसर कशी आहे विचारलं.
"बरी हाय की. सांजच्याला दिसत न्हाई तिला. नामदेवनं कासऱ्याचं टोक तिच्या हाताला बांधलंय, गाडीमागं धरून चालती." मग म्हणाला, "पन तुमची पूड रोज खाती. पोरालाबी चाटवती. म्हनती, बाईची पूड हाय, दिसंल हळूहळू."
मुकादमाचं नाव, पत्ता लिहून घेतला. त्या बाजूला जाणारं सध्या कोणी नाही. नवी पूड झाली ती मूठभर.
संध्याकाळी पोस्टकार्ड घेऊन बसले. तिला वाचता येत नाही, मुकादमच मोठ्याने वाचून दाखवणार, सगळ्या टोळीसमोर. ती पूड खाऊ नकोस, लिहू? की खात राहा?
सोनाबाईला विचारलं. तिने कार्ड माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, "तुमीच ठरवा बाई. तुमाला लिव्हता येतं."
पत्ता लिहिलाय. बाकी कार्ड कोरंच.