कोंड्याचा डबा

अप्पा, आज सकाळी गिरणीतून भाताचा कोंडा आणला आणि अंगणात जुन्या लुगड्यावर पसरून ठेवला. हात घातला तर आत अजून ऊब होती. तुमची आठवण आली, आणि ती प्रेमाने आली असं मी उगाच लिहिणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कोंडा गरम लागला की माझं डोकं तापतं.

कमरीपेठेतलं आपलं मागचं अंगण आठवा. तुम्ही कचेरीतून येता, शर्ट खुंटीला अडकवता आणि चहाच्याही आधी कोंबडीच्या पिलांकडे जाता. दुकानातलं खाद्य परवडत नाही, म्हणून पिलं गिरणीतल्या उरल्यासुरल्यावर वाढवायची असं तुम्ही ठरवलं होतं. भाताचा कोंडा, तांदळाची कणी, तुरीची चुणी, थोडी शेंगदाण्याची पेंड आणि आईने नाक मुरडत कुटून दिलेली सुकट. गल्ली हसली. पण पिलं वाढली, कोंबड्या अंडी देऊ लागल्या आणि तुम्ही जरा ताठ चालायला लागलात. मला तुमचा अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकते. कोंडा चाळून त्यातलं तूस काढायचं काम माझं. तूस पिलांना पचत नाही, हे तुम्हीच शिकवलंत, आणि चांगलं शिकवलंत.

त्या दिवशी कोंडा गिरणीतून थेट घरी आला होता, चांगला गरम. मी तो लुगड्यावर पसरला. तुम्ही आलात आणि ओरडलात, उंदरांना पंगत वाढली आहेस का म्हणून. मी म्हटलं, गार होऊ दे, आई भाकरीसुद्धा गरम असताना झाकून ठेवत नाही. बापाला शहाणपण शिकवू नकोस म्हणत तुम्ही सगळा कोंडा तेलाच्या रिकाम्या डब्यात भरलात आणि झाकण ठोकून बसवलंत. थोड्या दिवसांनी डब्याला कुबट वास येतो असं मी सांगितलं, तर तुम्ही विचारलंत, कोंड्याला काय अत्तराचा वास यायला हवा? मी तोच कोंडा घालत राहिले. पिलं पंख पाडून कोपऱ्यात बसायला लागली. मग एकेक करत सगळी मेली.

शेजारची अक्का चौकशीला कुंपणापाशी आली. दरवर्षी तिच्या परसात वालाचं पहिलं बी माझ्या हातून पडायचं, कारण या पोरीचा कैगुण चांगला, हिच्या हातचं उगवतंच, असं ती गल्लीभर सांगायची. तिलाच तुम्ही कानडीत म्हणालात, "ईकी कैगुण छलो इल्ल, अक्का." हिच्या हाताला गुण नाही. मी खाद्याची परात घेऊन तिथेच उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

त्या वर्षी अक्काने मला बी टाकायला बोलावलं नाही. आई लोणचं घालताना मला बरणीपासून लांब बसवू लागली. दादाने दुकान काढलं तेव्हा, पूजा उरकल्यावर ये, घाई करू नकोस, असा निरोप आला. हे सगळं हसत हसत चालायचं, त्यामुळे रडायचीही सोय नव्हती.

तुम्हाला खरं काय ते कळलंच नसतं, तर मी हे कधीच सोडून दिलं असतं. पण नवीन पिलं आणलीत त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तुम्ही तो डबा गटारात पालथा केलात. कोंड्याचे बुरशी धरलेले गोळे पडले. तुम्ही डब्यात नाक घालून हुंगलंत आणि तो राखेने घासलात. मग माझंच लुगडं अंथरून ताजा कोंडा पसरलात आणि तो गार होईपर्यंत हातात काठी घेऊन उंदरांची राखण करत बसलात. ती पिलं जगली. अप्पांच्या हाताला गुण आहे, असं गल्ली म्हणाली. तुम्ही ते ऐकून घेतलंत. मी वाट पाहिली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, लग्न होऊन धारवाडला येईपर्यंत.

शेवटच्या आजारपणात तुम्ही माझ्याकडेच होतात. हे जवळच्या बेलूरला कारखान्यात जायचे आणि दिवसभर घरात आपण दोघंच. तोवर मीही पिलं पाळायला लागले होते. एकदा मी पेज भरवत असताना तुम्ही विचारलंत, "पिलांना काय घालतेस?"

"कोंडा," मी म्हटलं. "गार करून."

तुम्ही बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिलात. मला वाटलं, आता बोलतील. चमचा तसाच धरून मी थांबले.

"मीठ कमी आहे," तुम्ही म्हणालात.

मी मीठ आणायला उठले, अप्पा. दुसरं काय करणार होते?

आता माझी पिलं मरत नाहीत. सुभाष रोडवरचे दुकानदार माझ्याकडची अंडी मागून नेतात. चूक डब्याची होती, हाताची नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते, जी यांनासुद्धा ठाऊक नाही. नवीन पिलं आली की त्यांना पहिली मूठ मी घालत नाही. काहीतरी निमित्त काढून पलीकडच्या बाईंना बोलावते. आज नवीन पिलं आली आहेत. कोंडा केव्हाच गार झालाय, पिलं ओरडताहेत, आणि मी परात मांडीवर घेऊन त्या बाईंची वाट पाहत बसले आहे.